‘मशीन ओपन करा’ म्हणजे नक्की काय करा?

मागच्या वर्षीची गोष्ट. चाकण साईडच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात चीनमधून नवीन इंजेक्शन मोल्डिंग मशीन आलं, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यात दाबायचं मशीन, आणि ते सुरू करून द्यायला तिकडचा इंजिनीअर व्हिडिओ कॉलवर. मी पुण्यात दोन वर्षं चिनी शिकलोय, त्या जोरावर मला मधे बसवलेलं, पण त्या इंजिनीअरला इंग्लिश येत होतं त्यामुळे मला कोणी विचारेना, मी आपला चहा पीत बसलो. तो म्हणाला, “प्लीज ओपन द मशीन.” झालं. आमच्या फिटरकाकांनी पाना घेतला आणि मागच्या पॅनेलचे बोल्ट सोडायला लागले. ऑपरेटर पोरगा ओरडला, काका थांबा, साचा उघडायला सांगतोय तो, कारण स्क्रीनवर ‘मोल्ड ओपन’ असं बटणच असतं. आणि फोनवर तो माणूस हात हलवत, “नो, नो! ओपन! ओपन!” त्याचा आवाज जसजसा चढत गेला तसतसा काकांचा पानाही जोरात फिरायला लागला.

त्याला एवढंच म्हणायचं होतं की मशीन चालू करा.

हा काही त्या एका माणसाचा घोळ नाही. चिनी लोकांशी इंग्लिशमध्ये ज्यांचं कामानिमित्त बोलणं होतं त्यांनी ‘ओपन द लाईट’, ‘ओपन द टीव्ही’, ‘क्लोज द एसी’ हे हमखास ऐकलेलं असतं. आपण हसतो आणि सोडून देतो. पण ‘ओपन’ हा पहिलीतला शब्द एवढ्या शिकलेल्या माणसालासुद्धा का अडवतो हे नीट बघितलं तर भलतीच मजा आहे, आणि थोडा धोकाही आहे, तो पुढे येईल.

खाइ नावाचा सालगडी

चिनी भाषेत उघडणे याला शब्द आहे ‘खाइ’. सूर वरचा आणि सपाट, डॉक्टर जीभ बघताना आपण ‘आ’ करतो तसा. हा शब्द म्हणजे त्या भाषेचा सालगडी आहे, मालक म्हणेल ते काम करतो. दार उघडायचं तर खाइ. दिवा लावायचा तरी खाइ, ‘खाइ तंग’, तंग म्हणजे दिवा. गाडी चालवायची तर खाइ, मीटिंग घ्यायची तर खाइ, कंपनी काढायची, बिल फाडायचं, डॉक्टरने औषध लिहून द्यायचं, बंदूक झाडायची, सगळीकडे खाइच. फूल उमलतं ते खाइ. पाणी उकळतं तेही खाइ, आणि चिनी माणूस दिवसभर जे गरम पाणी पीत असतो त्याचं नाव ‘खाइश्वेइ’, म्हणजे उकळलेलं पाणी, शब्दशः धरलं तर ‘उघडलेलं पाणी’. चेष्टा करणे हेसुद्धा खाइ वापरूनच बोलतात. आणि मशीन सुरू करणे म्हणजे ‘खाइची’, ची म्हणजे यंत्र. आमच्या इंजिनीअरच्या डोक्यात हा शब्द होता आणि त्याचा तुकड्यातुकड्याने सरळ अनुवाद केला की तयार होतं ‘ओपन मशीन’.

या शब्दाचं मूळ दारातच आहे हे त्याच्या जुन्या चित्राक्षरात दिसतं. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून चालतं ते जुनं अक्षर बघितलं तर वर दोन फळ्यांचं दार आहे आणि त्याच्या आत अडसर आणि तो उचलणारे दोन हात. १९५६ साली चीन सरकारने अक्षरं सोपी करायची योजना आणली त्यात या अक्षराचं दार काढून टाकलं, फक्त अडसर आणि हात उरले. म्हणजे आता बीजिंगमधलं पोरगं जे ‘खाइ’ लिहितं त्यात दारच नाहीये. उगाच आपली एक गंमत, पण मला वाटतं शब्दाचंही तेच झालंय, दार कधीच मागे राहिलं आणि अडथळा काढून काहीतरी सुरू करणं एवढा अर्थ राहिला.

याच्या उलटा शब्द ‘क्वान’, बंद करणे. त्याच्याही जुन्या अक्षरात दार आहे. आणि भिंतीवरच्या स्विचला चिनीत काय म्हणतात माहितीये? ‘खाइक्वान’. उघड-बंद. आता ज्याच्या घरात प्रत्येक स्विचचं नावच उघड-बंद आहे तो दिव्याला ओपन म्हणणार नाही तर काय म्हणणार.

आपण हसायच्या आधी जरा ‘लाव’ बघू

ज्यांना अजूनही हे विचित्र वाटतंय त्यांनी आपला ‘लाव’ हा शब्द एखाद्या परक्या माणसाला शिकवून बघावा. दिवा लाव, गाणं लाव, कुकर लाव, गजर लाव, झाड लाव, पावडर लाव, क्लास लाव, नंबर लाव, पैज लाव, जीव लाव. हे सगळं एक वेळ तो पाठ करेल. मग त्याला सांगा की घरात शिरताना आई म्हणते “लाईट लाव आणि दार लाव”, पहिल्यात चालू करायचं आणि दुसऱ्यात बंद करायचं. तो वही मिटून निघून जाईल.

मी माझ्या चिनी शिकवणाऱ्या बाईंना हे एकदा सांगितलं होतं, त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या म्हणजे तुमच्याकडे दिवा बंद करून दार उघडायचं असलं तर दोन वेगळे शब्द लागतात का. मी म्हटलं हो, दिवा बंद कर किंवा मालव किंवा विझव, आणि दार उघड. आणि पाण्याचा नळ? नळ सोडायचा. सोडायचा म्हणजे कुत्रा सोडतात तसा? हो, तसाच. पुढे मी विषय बदलला.

मुद्दा असा की कुठल्याही भाषेत एक शब्द म्हणजे एक अर्थ असं नसतं, एक शब्द म्हणजे अर्थांचा एक गठ्ठा असतो आणि प्रत्येक भाषा गठ्ठा वेगळा बांधते. ‘खाइ’चा गठ्ठा आणि ‘ओपन’चा गठ्ठा यांच्यात दार, पेटी, पुस्तक, दुकान, खातं एवढं कॉमन आहे. उरलेलं नाही. मातृभाषेतला अख्खा गठ्ठा उचलून परक्या शब्दावर ठेवायच्या या प्रकाराला भाषा शिकवणारे लोक ट्रान्सफर म्हणतात, आपण याला ‘ओझं नेणं’ म्हणू आणि पुढे जाऊ.

मग इंग्लिश तरी शहाणी आहे का

नाही. दिव्याला ते ‘टर्न ऑन’ म्हणतात, टर्न म्हणजे फिरवणे. आता तुमच्या घरातल्या कुठल्या बटणाला फिरवता तुम्ही? पंख्याचा रेग्युलेटर सोडला तर एकही नाही. हा शब्द आला नळावरून. पाण्याची तोटी फिरवायची, मग गॅसचे दिवे आले (लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर १८०७ साली गॅसचे दिवे लागले होते) त्यांचीही तोटी फिरवायची, आणि मग वीज आली तर तोच शब्द विजेलाही चिकटला, सुरुवातीचे बरेच इलेक्ट्रिक स्विचही फिरवायचेच असत. ते स्विच गेले, शब्द राहिला. जसं आपण अजून फोन ‘लावतो’ आणि दिव्याच्या बाबतीत ‘विझव’ म्हणतो, जणू काही ट्यूबलाईटला फुंकर मारणार आहोत.

म्हणजे चिनी माणूस दारावरून विजेकडे आला, इंग्रज नळावरून आला आणि आपण वातीवरून. चिनीतही पूर्वी तेलाच्या दिव्याला खाइ म्हणत नव्हते, ‘त्येन तंग’ म्हणायचे, दिवा पेटवणे या अर्थाने, आणि तो शब्द अजून तेलाच्या दिव्यासाठी आहेच. बटण आल्यावर खाइ आला.

आणि हे फक्त चिनी लोकच करतात असंही नाही. ग्रीक भाषेत दिवा ‘उघडतात’, थाई भाषेत उघडतात, इजिप्तच्या बोलीतल्या अरबीत उघडतात, फिलिपिन्समध्ये उघडतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर फ्रेंचच्या शेजारामुळे इंग्लिश बोलणारेही ‘ओपन द लाईट’ म्हणताना सापडतात. सिंगापूरमध्ये सर्रास चालतं. जगाच्या नकाशावर बघितलं तर दिवा उघडणारे लोक काही कमी नाहीत.

‘समजतं ना, मग एवढं काय?’

हा प्रश्न येणारच आणि निम्मा बरोबर आहे. घरात कोणी ओपन द लाईट म्हटलं तर कोणी दिव्याचं झाकण काढायला जात नाही. पण कारखान्यात, विशेषतः विजेच्या कामात, हा शब्द चक्क उलटा होतो.

पाण्याच्या लाईनवर कॉक ओपन म्हणजे पाणी चालू. बरोबर? आता विजेच्या भाषेत सर्किट ओपन म्हणजे वीज बंद. सर्किट म्हणजे गोल फेरी, वीज एका टोकाने निघून फिरून परत आली पाहिजे, वारीतल्या रिंगणासारखं, सगळ्यांनी हात धरले तर रिंगण पूर्ण. एकाने हात सोडला की रिंगणाला तोंड पडलं, म्हणजे ते ‘ओपन’ झालं, आणि करंट थांबला. म्हणून इलेक्ट्रिकलवाले ‘आयसोलेटर (म्हणजे लाईन तोडायचा मोठा स्विच) ओपन आहे’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ लाईन तोडलेली आहे, आणि ‘क्लोज केला’ म्हणजे जोडली, सप्लाय चालू झाला.

आता विचार करा, फोनवर चिनी माणूस म्हणतोय “ओपन द स्विच”, त्याच्या मनात आहे चालू करा, आणि इकडे ऐकणारा डिप्लोमावाला पोरगा इलेक्ट्रिकलच्या पुस्तकी अर्थाने घेतोय, स्विच तोडा. इथपर्यंत ठीक, फार तर मशीन सुरू होणार नाही. पण उलटं धरा. “क्लोज द स्विच.” सांगणाऱ्याच्या मनात बंद करा, आत कुणाचा तरी हात आहे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात सर्किट क्लोज म्हणजे सप्लाय द्या. मी हे लिहिताना सुद्धा अंगावर काटा येतो.

चिनी वायरमनला हे माहीत नसतं असं समजू नका हं, त्यांच्याकडेही तुटलेल्या सर्किटला ‘खाइलू’ म्हणजे उघडा रस्ता असंच म्हणतात. रोजच्या बोलण्यातला खाइ आणि विजेच्या पुस्तकातला खाइ त्यांच्यातही भांडतातच, फक्त आपल्या भाषेत माणसाला कुठे कुठला घ्यायचा ते कळतं, परक्या भाषेत ते भान आधी सुटतं. त्यामुळे अशा ठिकाणी ऑन आणि ऑफ हेच दोन शब्द वापरावेत, ओपन-क्लोज तोंडातच आणू नये, हे माझं स्पष्ट मत.

दुकान ओपन आहे की ओपन्ड?

इथे मला चिनी विद्यार्थ्यांची खरंच दया येते. इंग्लिशमध्ये दुकान चालू असेल तर पाटी असते ‘ओपन’. बंद असेल तर पाटी असते ‘क्लोज्ड’. एकाला शेपूट नाही, दुसऱ्याला आहे. का? काही कारण नाही, म्हणजे इतिहासात असेल पण शिकणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. ओपन हा शब्द मुळातच ‘उघडा’ असा विशेषण पण आहे आणि ‘उघडणे’ असं क्रियापद पण. क्लोज मात्र क्रियापद म्हणून ‘बंद करणे’, उच्चार क्लोझ, आणि विशेषण म्हणून वापरला की अर्थ होतो ‘जवळचा’, आणि तेव्हा उच्चार क्लोस. त्यामुळे ‘द शॉप इज क्लोज’ लिहिलं की इंग्रज वाचतो दुकान जवळ आहे.

हुशार विद्यार्थी काय करतो, तो नियम शोधतो. क्लोज्ड, लॉक्ड, ब्रोकन, सगळ्यांना शेपूट आहे म्हणजे ओपनलाही असणार, म्हणून तो लिहितो ‘द शॉप इज ओपन्ड’. मार्क कापले जातात. खरं तर हे त्याने डोकं वापरल्याचं लक्षण आहे. पिट कॉर्डर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हेच मांडलं होतं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे नुसता कचरा नसतो, त्याच्या डोक्यात भाषेचा कुठला नियम तयार होतोय ते त्यातून दिसतं.

आणि मजा म्हणजे चिनीत हा फरक चांगला आहे. दार उघडं आहे याला ‘खाइ’ला ‘च’ जोडतात, दार उघडलं याला ‘ल’ जोडतात. आपल्याकडे तर अजूनच स्वच्छ, दुकान उघडं आहे आणि दुकान उघडलं, एका ‘ल’चा फरक. पहिलं म्हणजे ओपन, दुसरं म्हणजे ओपन्ड, मराठी माणसाने एवढं लक्षात ठेवलं तरी काम झालं. पण ‘बंद’ला आपल्याकडे असलं रूपच नाही, बंद आहे, बंद होतं, बंद राहील, शब्द हलत नाही, म्हणून आपण बिनधास्त ‘ऑफिस क्लोज आहे’ म्हणतो आणि ईमेलमध्येही तसंच लिहून टाकतो. प्रत्येकाचं पाऊल आपापल्या खड्ड्यात.

मन ओपन, काळीज ओपन

माणसांबद्दल बोलायला लागलं की घोळ नाजूक होतो. चिनीत आनंदी या अर्थी रोजचा शब्द आहे ‘खाइशिन’, अक्षरशः उघडं हृदय. याचा इंग्लिशमध्ये शब्दशः अनुवाद केला तर ऑपरेशन थिएटर आठवतं. (ऑपरेशनलाही चिनीत खाइच आहे, ‘खाइताव’, ताव म्हणजे सुरी.) आपल्याला हे लगेच पटायला हरकत नाही कारण आपली ‘कळी खुलते’, चेहरा खुलतो, फूल आणि आनंद एकाच क्रियापदाने उघडतात, तिकडेही अगदी तेच.

दुसरा शब्द ‘खाइफांग’. बातम्यांमध्ये हा शब्द १९७८ नंतरच्या, चीनचे तेव्हाचे नेते तंग श्यावफिंग यांच्या काळातल्या धोरणासाठी येतो, सुधारणा आणि खुलेपणा, परदेशी कंपन्यांना दार उघडणं वगैरे. पण हाच शब्द माणसाला लावला, त्यातून बाईला लावला, तर त्याचा अर्थ बऱ्याचदा प्रेम-शरीरसंबंध याबाबतीत मोकळी, असा निघतो. इंग्लिशमध्ये ‘शी इज व्हेरी ओपन’ म्हणजे ती मनातलं सरळ बोलते. एक जण स्तुती करतोय, दुसऱ्याला वाटतंय हा काय बोलतोय. आणि ज्याला म्हणायचंय की ती हसतमुख, चारचौघांत मिसळणारी आहे, त्याला चिनीत तिसराच शब्द आहे, ‘खाइलांग’, त्याचाही अनुवाद बिचारा ओपन असाच करून बसतो.

आपल्याकडे ओपनने अजूनच वेगळा संसार मांडलाय, ‘मी ओपनमधून आहे’ म्हटलं की महाराष्ट्रात कुणालाही कळतं की विषय ॲडमिशनचा आहे, आणि मुंबईत जुन्या माणसापुढे ‘ओपन-क्लोज’ म्हणालात तर त्याला मटक्याचा आकडा आठवेल. हे इंग्रजाला सांगून बघा.

‘डिक्शनरी बघितली तर सुटेल की’

उलट डिक्शनरीनेच अडकतं, म्हणजे छोट्या डिक्शनरीने. चीनमध्ये २००१ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्लिश सुरू करायचं ठरलं, आणि शेवटी असते काओखाओ नावाची कॉलेज प्रवेशाची परीक्षा, २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख मुलांनी तिच्यासाठी नाव नोंदवलं होतं. बहुतेक ठिकाणी ७५० पैकी १५० मार्क परकीय भाषेचे, आणि ती जवळजवळ सगळ्यांसाठी इंग्लिशच. एवढ्या गर्दीत पोरं काय करणार, शब्दांची यादी पाठ करणार, डावीकडे ओपन उजवीकडे खाइ. ही यादी चुकीची नाहीये, अर्धी आहे. आपल्या लहानपणी ‘लाव म्हणजे पुट’ असं कुणी शिकवलं असतं तर आपण कुकर पुट केला असता.

ॲप आता वाक्यं बऱ्यापैकी नीट करतात, हे मान्य. ‘खाइ तंग’ टाकलं तर टर्न ऑन येतं. पण फोनवर किंवा समोरासमोर बोलताना ॲप कोण उघडतं. (हे बघा, ॲप ‘उघडतं’. इथे इंग्लिशसुद्धा ओपनच म्हणते.)

त्या ॲपवरूनच मला एक युक्ती सुचली जी मी शिकणाऱ्यांना सांगतो. स्वतःला विचारायचं, उघडल्यावर मला आतलं काही हवंय का? दार, डबा, पुस्तक, पाकीट, तोंड, फाईल, ॲप, खातं, सगळ्यांच्या आत काहीतरी आहे आणि मला तिथपर्यंत पोचायचंय, तर ओपन. दिवा, पंखा, टीव्ही, मशीन यांच्या आतलं मला काही नकोय, त्यांनी आपलं काम करावं एवढंच हवंय, तर टर्न ऑन. गाडीचं दार ओपन, गाडी ड्राईव्ह. नळाला दोन्ही चालतं, तिथे युक्ती लंगडी पडते, नळ आहेच तसा. पण दहातल्या आठ वेळा भागतं. आणि या हिशोबाने आमचे फिटरकाका शंभर टक्के बरोबर होते, मशीन ओपन कर म्हटल्यावर आत जायला निघाले होते.

‘पण मग चूक म्हणायचंच कशाला?’

काही जण म्हणतील की इंग्लिश काय इंग्रजांची एकट्याची राहिली नाही, एवढे लोक ओपन द लाईट म्हणतात तर तेच बरोबर धरा. यात तथ्य आहे. चिनीत हुरूप द्यायला ‘च्यायोउ’ ओरडतात, अक्षरशः तेल घाल, त्याचं हाँगकाँगच्या इंग्लिशमध्ये ‘ॲड ऑइल’ झालं आणि २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीने ते घेतलंसुद्धा. (आपल्याकडे तेल ओतलं तर भांडण वाढतं, तो वेगळा विषय.) उद्या ओपन द लाईटही आत येईल, मला काही दुःख होणार नाही. सिंगापूरच्या घरात ते आजही चूक नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघांचा गठ्ठा एकच आहे. परीक्षेच्या पेपरात मार्क जातात, आणि चाकणच्या कारखान्यात बोल्ट निघतात.

त्या दिवशी शेवटी मी चहाचा कप ठेवला आणि फोनमध्ये “खाइची?” असं विचारलं, तर तो इंजिनीअर खुर्चीतून उठलाच, “येस! येस! खाइची!” काकांनी चार बोल्ट परत लावले, लावले म्हणजे आवळले, आणि मशीन चालू झालं. मग काकांनी त्याला सरळ मराठीच शिकवली, दोनच शब्द, चालू आणि बंद, अंगठा वर आणि अंगठा खाली करून. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी फोनवरून ओरडा यायचा, “काका! चालू! चालू!” आणि अख्खी लाईन हसायची. का हसतायत ते त्याला कोणी सांगितलं नाही, ‘चालू’ माणसाला लावला की काय होतं ते सांगायचं काकांनी पुढच्या मशीनसाठी राखून ठेवलंय.